संघर्षाच्या गोष्टी गेम आणि कॉमिकमधून सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नैराश्य, जात, स्थलांतर, कर्ज, घरातली मारहाण, स्वतःची लिंगओळख अशा विषयांवर गेम किंवा कॉमिक करू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे आहेत, पुढे अवघड होत जातात. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे एकाचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. मला कोडिंग येत नाही, चित्रही धड काढता येत नाही. तरी जमेल का?

जमेल. फक्त मजकुरावर चालणारा गेम करायचा असेल तर ट्वाइन घ्या. क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेलं हे साधन मोफत आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. एकेका चौकोनात प्रसंग लिहायचा, दुहेरी चौकटी कंसात पर्याय लिहायचा, की पुढच्या प्रसंगाचा दुवा तयार होतो. शेवटी एकच फाइल हाती येते, ती कुणालाही पाठवता येते. पात्रांची चित्रं, पार्श्वभूमी, आवाज हवे असतील तर रेनपाय घ्या. पात्र नकाशावर फिरवायचं असेल तर गोडो. दोन्ही मोफत आहेत, पण शिकायला वेळ लागतो. म्हणून पहिली गोष्ट ट्वाइनमध्येच पूर्ण करा.

कॉमिकसाठी वर्ल्ड कॉमिक्स इंडियाच्या शरद शर्मा यांनी रुजवलेली ग्रासरूट्स कॉमिकची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. दोन ए-फोर कागद जोडायचे, त्यावर चार चौकटींत एक गोष्ट काळ्या शाईने काढायची, झेरॉक्स काढून वस्तीत लावायची. ज्यांनी शाळेनंतर पेन्सिल धरलेली नाही अशा माणसांनी या पद्धतीने स्वतःच्या गोष्टी सांगितल्या आहेत. चार चौकटींत काय मावत नाही हे कळलं, की गोष्टीत खरं काय महत्त्वाचं आहे तेही कळतं.

२. गेम करू की कॉमिक?

तुमच्या गोष्टीचा गाभा कुठे आहे ते बघा. 'आता काय करू' हे पुन्हा पुन्हा ठरवावं लागणं हाच त्रास असेल, तर गेम. कर्जफेड, नोकरीतला अपमान गिळायचा की बोलायचं, घरी सांगायचं की लपवायचं, हे विषय तसे आहेत. गाभा नजरेत, आठवणीत, शांततेत असेल तर कॉमिक. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची गोष्ट घ्या: एकाच पानावर डावीकडे त्यांच्या तरुणपणातलं स्वयंपाकघर आणि उजवीकडे आजचं, आणि ते स्वतः दोन्हीकडे. हे कॉमिक फार थोडक्यात करून दाखवतं.

दुसरा निकष म्हणजे वाचणारे कोण. अंगणवाडीच्या भिंतीवर लावायचं असेल तर गेमचा उपयोग नाही.

३. अशा विषयाचा गेम केला तर त्या दुःखाची चेष्टा होणार नाही का?

आपल्याकडे सत्यशोधकी जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. गण, गाणी, सोंगं आणि हशा घेऊनच त्यांनी जातीवर आणि भटशाहीवर बोट ठेवलं, आणि लोकांनी ते मनावर घेतलं. करमणुकीचं माध्यम विषयाला हलकं करत नाही, हे आपल्याला फार आधीपासून ठाऊक आहे. चेष्टा होते ती आळसामुळे: दुःखावर गुण मिळाले, जखमेला चमकणारं बटण लावलं, शेवटी 'अभिनंदन' झळकलं, की होते.

४. असं काम आधी कुणी केलं आहे? भारतातली उदाहरणं सांगा.

कॉमिकमध्ये आधी 'भीमायन' (२०११) बघा. डॉ. आंबेडकरांना पाणी, निवारा आणि प्रवास यांत आलेले अनुभव दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात काढले आहेत. ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (१९९४) नर्मदेवरच्या धरणाविरुद्धच्या लढ्यावर आहे. आदिवासींची सृष्टिकथा आणि शहरी पत्रकाराचा शोध त्यात शेजारी शेजारी चालतात.

गेममध्ये कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांच्या पुढाकारातून आलेला 'मिसिंग' (२०१६) मुलींच्या तस्करीवर आहे; त्यात तुम्ही पळवून नेलेल्या मुलीच्या जागी असता. कॅनडात केलेला 'वेन्बा' (२०२३) तिथे स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट स्वयंपाकातून सांगतो: आईची पाककृतींची वही फाटली आहे आणि गाळलेली जागा खेळणाऱ्याने भरायची आहे. परदेशात मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांनी तो जरूर खेळावा.

५. खेळणाऱ्याला परिस्थिती 'जाणवली पाहिजे' असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

नियमांना बोलू द्यायचं. 'डिप्रेशन क्वेस्ट' (२०१३) हा ट्वाइनमध्ये केलेला मजकुराचा गेम आहे. त्यात शहाणपणाचा पर्याय पडद्यावर दिसतो, पण त्यावर काट मारलेली असते. तो निवडता येत नाही. नैराश्यात काय केलं पाहिजे हे कळत असतं आणि ते होत नसतं, हे तिथे बोटाला कळतं. 'पेपर्स, प्लीज'मध्ये (२०१३) तुम्ही सीमेवरचे तपासनीस असता. जितकी माणसं तपासाल तितके पैसे, चुका वाढल्या की दंड, आणि संध्याकाळी त्याच पैशांत घरच्यांचं अन्न, ऊब आणि औषध. समोरच्या माणसाची कहाणी ऐकायला वेळ दिला तर घर थंड राहतं. सत्ता साध्या माणसाला कशी निबर करते, हे त्या गेमला वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडचा विषय घेऊ: ऊसतोड. नवरा-बायको मिळून मजुरीच्या हिशेबात 'एक कोयता' धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती तोडीतून फेडायची. काम बुडालं की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. यावर गेम करायचा तर दुष्काळाचं वर्णन करणारे पाच पडदे नकोत. रोज पहाटे एकच प्रश्न पुरे: बाईच्या अंगात ताप आहे, फडात जायचं की कोपीवर (झोपडीत) थांबायचं? थांबलं तर खाडा. गेलं तर मोळ्या कमी बांधून होतात आणि दुसऱ्या दिवशीचा ताप वाढलेला असतो. पुढे प्रश्नात थोरली मुलगी येते: ती शाळेसाठी गावी आजीकडे राहील, की धाकट्याला सांभाळायला सोबत येईल?

इथे बहुतेक जण पडद्याच्या कोपऱ्यात राहिलेल्या उचलीचा आकडा ठेवतात. माझ्या मते तो काढून टाकावा. हिशेबाची वही मुकादमाकडे असते. खेळणाऱ्यालाही आकडा हंगाम संपल्यावरच, मुकादमाच्या तोंडून कळू दे. तोवर त्याने अंदाजाने जगावं. किती फिटलं हे माहीत नसताना रोज राबणं हाच या गोष्टीचा गाभा आहे, आणि आकडा दाखवला की तोच निसटतो.

मात्र माणसाला नुसतं सोसणारं करू नका. फडात चेष्टामस्करी चालते, भांडणं होतात, कुणी मुकादमाला तोंडावर सुनावतं, कुणी रात्री मुलीची उजळणी घेतं. परिस्थिती बदलत नसली तरी ज्यात माणसाचा स्वभाव दिसतो असे पर्याय प्रत्येक दिवसात ठेवा.

६. प्रत्येक निवडीला दोन वाटा दिल्या तर लिहून संपतच नाही. काय करायचं?

साहजिक आहे. दोन पर्यायांच्या दहा निवडी आणि वाटा पुन्हा कुठेच मिळत नसतील, तर १,०२४ शेवट लिहावे लागतात. म्हणून वाटा फुटू द्या आणि दोन-तीन प्रसंगांनी परत एकत्र आणा. काय निवडलं होतं ते मात्र गेमला लक्षात ठेवायला लावा. बहिणीला खोटं सांगितलं असेल, तर चार प्रसंगांनंतर तिचं एकच वाक्य बदलू दे. खेळणारा त्या एका वाक्यावर थबकतो. तीन चांगले शेवट पुरतात.

७. कॉमिकमध्ये दुःख दाखवायचं म्हणजे रडके चेहरे काढायचे का?

शक्यतो नको. चेहरा सगळंच सांगून टाकतो आणि वाचणाऱ्याला काही करायला उरत नाही. हात काढा, दाराबाहेरच्या चपला काढा, न उचललेला फोन काढा. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत काय घडलं ते वाचणारा स्वतः भरतो. मारहाणीची चौकट गाळून आधीची आणि नंतरची दाखवली तर परिणाम खोल होतो आणि ज्याने ते भोगलं आहे त्याला पुन्हा बघावं लागत नाही.

चौकटीसुद्धा अर्थ सांगतात. 'भीमायन'च्या चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. पानं विभागायला त्यांनी गोंड घरांच्या भिंतींवरची दिग्ना ही नक्षी वापरली. संवादाचे फुगेही वेगळे: मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. वारली, चित्रकथी किंवा घरच्या गोधडीची रचना ज्याच्या हातात आहे, त्याने 'मांगा' या जपानी कॉमिकची नक्कल करण्याआधी तिच्याकडे बघावं.

८. गेममध्ये मराठी अक्षरं तुटतात. वेलांटी भलतीकडे जाते. उपाय?

देवनागरीची अक्षरं जुळवणारी सोय त्या साधनात नसली की असं होतं. ट्वाइनमध्ये अडचण येत नाही, कारण जुळणी ब्राउझर करतो. गोडो वापरत असाल तर चौथी आवृत्ती किंवा पुढची घ्या. तिसरीत जोडाक्षरं फुटतात. रेनपायची ८.१ किंवा पुढची आवृत्ती घ्या. युनिटी या गेम बनवायच्या साधनातला मजकूर दाखवणारा भाग, टेक्स्टमेश प्रो, स्वतःहून ही जुळणी करत नाही, त्याला वेगळं जोड-साधन (प्लगइन) लागतं.

फॉन्ट युनिकोडच घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo) हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, गेमसोबत देता येतात. चाचणीसाठी मी 'दऱ्याखोऱ्या, क्षितिज, वाङ्मय, कर्तृत्व, स्त्री, शिर्डी' एवढे शब्द एका पडद्यावर टाकायला सांगते. हे नीट दिसले तर बहुतेक सगळं दिसतं. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. कॉमिकमध्ये फुगा आधी काढून मजकूर नंतर कोंबू नका. वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून ओळींना जास्त उंची लागते, म्हणून अक्षरं आधी, फुगा नंतर.

९. बोलीत लिहू की प्रमाण मराठीत?

माणूस ज्या बोलीत बोलतो त्याच बोलीत त्याला बोलू द्या. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी जी असेल ती. निवेदन प्रमाण भाषेत आणि फक्त गरीब पात्रं बोलीत, अशी विभागणी मात्र करू नका. त्यातून कोण शहाणा आणि कोण अडाणी हे तुम्ही नकळत ठरवून टाकता. बोली तुमची नसेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून घ्या.

१०. प्रकाशित कुठे करायचं? खर्च किती?

इच डॉट आयओ (itch.io) या संकेतस्थळावर गेम किंवा कॉमिकची पीडीएफ ठेवायला काही लागत नाही, आणि विक्रीतला किती वाटा त्यांना द्यायचा हेही तुम्हीच ठरवता. गूगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर. पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, ती माणसं आधी जमवा. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर.

छापील कॉमिक ए-फाइव्ह आकारात करा आणि पानं चारच्या पटीत ठेवा. सोळा पानांना चार ए-फोर कागद लागतात: दोन्ही बाजूंनी झेरॉक्स, मधोमध घडी, सेंटर पिन. पहिली आवृत्ती अशीच काढा. छापखान्याला मोठी ऑर्डर देण्याआधी त्या प्रती अनोळखी माणसांच्या हातात जाऊ द्या.

११. गोष्ट माझी आहे, पण तिच्यात आई, भाऊ, नवरा येतातच. त्यांची परवानगी घ्यायची का?

जिथे नातं सुरक्षित आहे तिथे घ्या, आणि 'तुझ्याबद्दल काहीतरी लिहितेय' असं मोघम सांगून नको. कच्ची पानं समोर ठेवा. आईला स्वतःचा राग चित्रात बघून धक्का बसू शकतो. तिला वेळ द्या आणि तिची बाजू ऐका. कित्येकदा त्या बोलण्यातूनच गोष्टीचं सगळ्यात चांगलं पान मिळतं. तुमच्या अनुभवावर हक्क तुमचा आहे. तिचा आजार, तिचं पूर्वीचं लग्न, तिने विश्वासाने सांगितलेलं काही, हे तिचं आहे. लहान मुलांबद्दल मी जास्त कडक आहे: आज सहा वर्षांचं मूल उद्या कॉलेजात जाणार आहे, आणि त्याच्या अंथरूण ओलं करण्याची चौकट इंटरनेटवर तशीच असेल. ज्या नात्यात भीती आहे त्याबद्दल प्रश्न १७ वाचा.

१२. मी त्या जातीचा किंवा समाजाचा नाही. त्यांच्या संघर्षावर गेम करू शकतो का?

आधी हे विचारा: ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यापैकी कुणी ती सांगतंय का? सांगत असेल तर तुमचं कौशल्य त्यांना द्या. कोडिंग करा, छपाईचा खर्च उचला. एकत्र काम करणार असाल तर त्यांचं नाव श्रेयात वर आणि मोबदल्यात बरोबरीने, आणि 'हे पान नको' म्हणायचा अधिकार त्यांच्या हातात. नुसतं 'वाचून घेतलं' याला सहभाग म्हणत नाहीत. एकट्यानेच करायचं असेल तर आपल्या बाजूची गोष्ट सांगा. सवर्ण घरात वेगळा ठेवलेला कप कोणाचा होता, हे त्या घरातल्या मुलानेही सांगायला हवं, आणि अशी कॉमिक आपल्याकडे फार थोडी आहेत.

१३. लैंगिक अत्याचार किंवा आत्महत्या दाखवताना काय पाळायचं?

अत्याचाराबाबत कायदा स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सज्ञान पीडित व्यक्तीने स्वतः लेखी परवानगी दिली तर अपवाद आहे. मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ लागतं: नाव, पत्ता, शाळा, शेजार, घरच्यांची माहिती यांतलं काही नको. तिथे पालकांच्या परवानगीवर भागत नाही, तो अधिकार विशेष न्यायालयाचा आहे.

आत्महत्या असेल तर पद्धत दाखवू नका. साधन, जागा, चिठ्ठीचा मजकूर काही नको. आत्महत्येने प्रश्न सुटला असं गोष्टीने सुचवू नये. विदर्भातल्या शेतकऱ्यावर लिहिताना झाड आणि दोर काढायचा मोह होतो. त्याऐवजी मागे राहिलेली बायको सातबारावर नाव लावायला तलाठ्याकडे किती खेपा घालते ते काढा. तो संघर्ष चालू आहे आणि तो फारसा कुणी काढत नाही.

सुरुवातीलाच गोष्टीत काय आहे याची साधी सूचना द्या, आणि गेममध्ये तो प्रसंग ओलांडून पुढे जायची वाट ठेवा.

१४. नाव बदललं की झालं ना?

नाही. गाव, नोकरी, अपघाताचं वर्ष, दोन जुळ्या मुली एवढं तसंच ठेवलं तर तालुक्यात सगळ्यांना कळतं. नावासोबत किमान तीन-चार ओळखीच्या खुणा बदला. दोन माणसांचा मिळून एक माणूस करणं उत्तम. 'काल्पनिक आहे' ही ओळ लिहिल्याने बदनामीच्या दाव्यातून आपोआप सुटका होत नाही. खऱ्या व्यक्तीवर गुन्ह्याचा आरोप येत असेल तर प्रकाशनाआधी वकिलाला दाखवा.

१५. संस्थेने पैसे दिले आहेत आणि शेवटी योजनेची माहिती आणि संदेश हवा आहे. गोष्ट बिघडते.

माहिती गोष्टीच्या बाहेर ठेवा: मागच्या पानावर किंवा गेमच्या वेगळ्या पडद्यावर. हे करार होण्याआधी बोला, नंतर अवघड जातं. पात्राच्या तोंडी योजनेचं नाव घातलं की वाचणाऱ्याचा त्या पात्रावरचा विश्वास जातो, हे संस्थेला नमुन्याची दोन पानं करून दाखवा. बहुतेकांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी भित्तिपत्रक करून द्या, पैसे घ्या आणि तुमची गोष्ट वेगळी ठेवा.

१६. ज्यांनी आपली गोष्ट सांगितली, त्यांनीच प्रकाशनानंतर 'काढून टाका' म्हटलं तर?

काढून टाका. घरी स्थळ आलं असेल, नोकरी बदलली असेल, मनच बदललं असेल; कारण विचारायची गरज नाही. ऑनलाइन प्रत उतरवता येते, छापलेल्या परत येत नाहीत, आणि ही गोष्ट संमती घेतानाच सांगायला हवी. म्हणून संमती दोनदा घ्या, एकदा सांगण्याआधी आणि एकदा तयार पानं बघितल्यावर. काम अनेकांच्या गोष्टींचं असेल तर प्रत्येकीचा भाग सुटा काढता येईल असं रचा.

१७. ज्याने त्रास दिला तो माणूस अजून याच घरात आहे. मला तरी हे काढायचं आहे.

काढा, पण प्रकाशनाची घाई करू नका. परवानगी मागायला जाऊ नका. इथे प्रश्न ११ चं उत्तर लागू होत नाही. पानं घरात ठेवू नका, विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा. फोनमधले फोटो आपोआप घरच्या टॅबवर किंवा सामायिक खात्यात जातात का ते तपासा. टोपणनाव घ्या, त्यासाठी वेगळा ईमेल काढा आणि तो घरच्या संगणकावर उघडू नका. स्कॅन न करता फोटो काढला असेल तर त्यात ठिकाण आणि वेळ नोंदलेली असते, ती पुसा. ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊ नका. तुमचं हस्ताक्षर घरात ओळखीचं आहे, तेव्हा फुग्यांतली अक्षरं टंकलेली ठेवा.

काढताना जुनं उसळून येतं, झोप उडते. तसं झालं तर थांबा. पान पुढच्या महिन्यातही काढता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, जिवावर बेतलं तर ११२. तारखांसह काढलेली पानं जपून ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जायची वेळ आली, तर काय कधी झालं ते क्रमाने सांगायला ती मदत करतील.